छोट्या सर्व्हरवर फ्रीबीएसडी ही हौस नाही

कृष्णाकाठ:
काल 'टर्मिनल' यांनी लिहिलं की वीस-पंचवीस माणसांच्या ऑफिसात सर्व्हरवर फ्रीबीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली फुकट ऑपरेटिंग सिस्टम) बसवणारा माणूस मालकाच्या पैशावर स्वतःची हौस भागवतो. उबुंटू लिनक्स टाका, त्यावर डॉकर (तयार डब्यात आलेलं सॉफ्टवेअर चालवणारं साधन) टाका, उद्या तुम्ही सोडून गेलात तरी कुणीही पोरगा सांभाळेल, असं त्यांचं म्हणणं. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते अजिबात पटलेलं नाही आणि दोन ओळींत भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

माझी गिऱ्हाइकं सांगली-मिरजेकडची. सीएंची ऑफिसं, छापखाने, एक पॅथॉलॉजी लॅब. सर्व्हरचं काम ठरलेलं: सांबावर (विंडोजच्या मशीनना फोल्डर वाटून देणारा प्रोग्राम) फाइल शेअरिंग, बॅकअप, पीएफ या पॅकेट फिल्टरची फायरवॉल, कुठे पोस्टग्रेस डेटाबेस. ते बिघडतं तेव्हा तो 'कुणीही पोरगा' रात्री मशीनसमोर उभा राहून फोन लावतो. कुठली वस्तू कुठे ठेवलीय हे त्या वेळी त्याला शोधत बसावं लागू नये, एवढंच माझं मागणं. फ्रीबीएसडीत सिस्टमच्या सेटिंग्ज ईटीसी फोल्डरमध्ये, आपण नंतर टाकलेलं सगळं यूएसआर-लोकल फोल्डरखाली. बूट होताना काय सुरू व्हायचं ते आरसी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये. कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि बेस सिस्टम (सोबतची मूळ साधनं) एकाच प्रोजेक्टने एकाच सोर्समधून बांधलेली, त्यामुळे मॅन पेजमध्ये (सिस्टमसोबतच्या माहितीपानात) जे लिहिलंय ते समोरच्या मशीनवर तसंच सापडतं.

लॅबमधला प्रसंग सांगतो. तिथल्या मुलाने आरसी डॉट कॉन्फ हाताने एडिट केली आणि एका ओळीचं शेवटचं अवतरणचिन्ह राहून गेलं. रीबूट केल्यावर मशीन अर्ध्यात थांबलं. स्क्रीनवर फाइलचं नाव, ओळीचा नंबर आणि 'अनटर्मिनेटेड कोटेड स्ट्रिंग'. खाली 'एंटर फुल पाथनेम ऑफ शेल'. त्याने हे मला फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवलं. रिटर्न दाबायला लावलं, रूट म्हणजे मुख्य फाइलसिस्टम फक्त वाचण्यापुरती होती ती लिहिण्यासाठी उघडून घेतली, ती ओळ नीट केली, एक्झिट. चहा व्हायच्या आत लॅबचे रिपोर्ट निघायला लागले. यात युनिक्सचं शिक्षण कुठे लागलं? तेव्हापासून तो मुलगा ती फाइल एडिटरमध्ये उघडतच नाही, सिसआरसी ही तीच फाइल बदलणारी कमांड वापरतो.

आणि अपडेटची भीती. बीईसीटीएल कमांडने आधी एक बूट एन्व्हायर्नमेंट (चालू सिस्टमची बूट होऊ शकणारी प्रत) करून ठेवायची, अपडेट फसलं तर लोडरच्या मेनूत जुनी निवडायची. २०१८ च्या १२.० पासून हे बेसमध्येच आहे.

टर्मिनल:
माझं नाव घेऊनच धागा काढलात तर ऐका. तुमच्या गोष्टीतला मुलगा निभावला कारण फोनच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही होतात. तुम्ही नसाल त्या दिवशीचं बोला. कोल्हापुरात फ्रीबीएसडी येणारा माणूस पाहिजे अशी जाहिरात देऊन बघा, किती अर्ज येतात ते. पोरं क्लासमधून उबुंटू आणि रेड हॅट शिकून बाहेर पडतात. मालकाला एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) करायची असते, त्याला सोर्स ट्री एक की अनेक याच्याशी घेणंदेणं नाही.

डॉकरचंही बोला. आज बिलिंगवाला, हजेरीवाला, जो तो डॉकरची कंपोज फाइल (सॉफ्टवेअर कसं चालवायचं ते लिहिलेली) हातात देतो. ती फ्रीबीएसडीवर सरळ चालत नाही. मग तुम्ही भायव्हच्या आभासी मशीनमध्ये लिनक्स चढवणार आणि त्यात डॉकर. शेवटी सांभाळायला दोन सिस्टम. जेल (फ्रीबीएसडीचे स्वतःचे बंदिस्त कप्पे) २००० सालापासून आहेत हे मलाही माहीत आहे, पण जेलसाठी कुणी सॉफ्टवेअर पॅक करून देत नाही.

आणि हार्डवेअर! नाशिकला सातपूरच्या एका वर्कशॉपचं मशीन माझ्याकडे असंच आलं, आधीच्या माणसाने फ्रीबीएसडी टाकून ठेवलेलं. असेंबल्ड मशीन, बोर्डवर रिअलटेकचं नेटवर्क कार्ड. रोज रात्री बॅकअप सुरू झाला की 'आरई० वॉचडॉग टाइमआउट', की नेटवर्क बंद. मालक मला विचारतो, सर्व्हर रात्री झोपतो का? डेबियन लिनक्स टाकलं, तेच कार्ड, तीच केबल, एकदाही तक्रार नाही.

जुनी दौत:
'कुणीही पोरगा सांभाळेल' हे वाक्य मी सेंटओएस या फुकट लिनक्सच्या वेळीही ऐकलंय. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की २०२१ च्या अखेरीस दुकान बंद. आमच्या संस्थेने नुकताच सगळा कारभार त्यावर हलवला होता. ट्रस्टींना मी काय उत्तर दिलं असेल याची कल्पना करा.

शिवाय लिनक्सवाल्यांनी एकदा शिकलेलं टिकू दिलंय का? नेटवर्क आयपी बदलायचा तर आधी ईटीसी-नेटवर्क-इंटरफेसेस, मग नेटवर्कमॅनेजर, मग नेटप्लॅन, त्यात स्पेस एक कमी पडली की रडा. डीएनएसची रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडावी तर आत १२७.०.०.५३, म्हणजे मशीनचा स्वतःचाच पत्ता. खरा डीएनएस कुठला हे विचारायला आणखी एक कमांड. मी इफकॉन्फिग ही नेटवर्कची कमांड शिकलो त्यावर फ्रीबीएसडीत आजही काम चालतंय.

टर्मिनल:
सेंटओएसचं दुःख खरं आहे, पण ते एका कंपनीच्या निर्णयाचं. डेबियनने असं कधी केलं? आणि मुदतीचंच काढलंत तर स्वतःकडेही बघा. फ्रीबीएसडीच्या एका मोठ्या आवृत्तीला अपडेटची पाच वर्षं मिळायची, १५ पासून ती चार झाली. त्यातल्या पॉइंट रिलीजला (मधल्या छोट्या आवृत्तीला) पुढची आली की तीन महिने. उबुंटू एलटीएस (त्यांची दीर्घ मुदतीची आवृत्ती) सरळ पाच वर्षं देतं. तुमचा छापखानेवाला दरवर्षी अपडेटला बसणार आहे का?

पाचवा मजला:
दोघंही मुद्द्याला हात घालत नाही आहात. आपल्याकडे छोटा सर्व्हर मरतो तो लाईट गेल्यामुळे. मी इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांची ऑफिसं बघते. लाईट जाते, येते, पुन्हा जाते, आणि येताना झटका घेऊन येते. त्या झटक्यात फाइलसिस्टम टिकली पाहिजे, बाकी गप्पा नंतर. झेडएफएस (फ्रीबीएसडीत मिळणारी फाइलसिस्टम) जुन्या ब्लॉकवर लिहीतच नाही. नवीन जागी लिहितं आणि मगच पत्ता बदलतं. लाईट मध्येच गेली तर शेवटचे काही सेकंद जातील, पूल (झेडएफएसचा डिस्कसंच) शाबूत राहतो. वर चेकसम (डेटा पडताळायचा आकडा) असल्यामुळे डिस्क खोटं बोलली तर ते स्क्रबमध्ये (सगळा डेटा तपासणाऱ्या फेरीत) कळतं. एका ऑफिसात झेडपूल स्टेटस कमांडच्या चेकसम रकान्यात आकडे वाढताना दिसले. डिस्क स्मार्टमध्ये (तिच्या स्वतःच्या तपासणीत) ठणठणीत होती. सॅटा केबल बदलली, आकडे थांबले. चेकसम नसलेल्या फाइलसिस्टमवर त्यांचे हिशोब गुपचूप सडले असते.

फ्रीबीएसडीने झेडएफएस २००८ मध्ये ७.० सोबत घेतलं. इन्स्टॉलरमध्ये मिरर (दोन डिस्कवर तोच डेटा) निवडा, रूटसकट झेडएफएस. हे मला पुरेसं आहे.

माळरान:
ताई, यूपीएस का नाही बसवत? निम्मे प्रश्न तिथेच संपतात. घरचा इन्व्हर्टर असला तरी चालतो, आमच्याकडे जतला सर्व्हर इन्व्हर्टरवरच आहे.

पाचवा मजला:
इन्व्हर्टरवर सर्व्हर लावू नका हो! लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला त्याला जो वेळ लागतो त्यात पंखा आणि ट्यूब निभावतात, मशीनचा एसएमपीएस (वीज देणारा डबा) निभावेलच असं नाही. मी मशीन रीबूट होताना डोळ्यांनी पाहिलंय.

माळरान:
मागे यूपीएस मोडचा खटका असतो, तो टाकला की बदल लवकर होतो. आमचा सर्व्हर कधी पडलेला नाही. शहरातल्या अर्ध्या तासाच्या यूपीएसने आमचं भागत नाही, इथे दुपारभर लाईट नसते. यूपीएसमधल्या १२ व्होल्ट ७ एएचच्या त्या बॅटरीच्या डबीत दोन-तीन वर्षांत जीव उरत नाही, बीप ऐकू येते तेव्हा उशीर झालेला असतो. ट्यूब्युलर बॅटरी टिकते. शहरात बसून आम्हाला शिकवू नका.

पाचवा मजला:
इचलकरंजी तुम्हाला शहर वाटत असेल तर या एकदा मे महिन्यात. मी शिकवत नाही, भरून दिलेल्या डिस्कची बिलं बघून बोलतेय. तुमच्या इन्व्हर्टरला यूएसबी आहे का? बॅटरी संपत आलीय हे सर्व्हरला कोण सांगणार? दुपारभर चालला आणि शेवटी धाडकन पडलाच ना?

माळरान:
यूएसबी नाही, खरं आहे. लाईट दोन तासांवर गेली की ऑफिसातला माणूस हाताने शटडाउन करतो.

पाचवा मजला:
आणि तो रविवारी?

कृष्णाकाठ:
यूपीएसवरून भांडण नको, नटवर (यूपीएसवर नजर ठेवून मशीन नीट बंद करणारा प्रोग्राम) बोलू. इथल्या साध्या यूएसबी यूपीएसना बहुतेक वेळा एनयूटीड्रायव्ह-क्यूएक्स ड्रायव्हर लागतो. पीकेजी या फ्रीबीएसडीच्या पॅकेज कमांडने नट टाकल्यावर ड्रायव्हर 'डिव्हाइस उघडता येत नाही' म्हणतो आणि लोक यूपीएसला दोष देतात. आधी डेव्हडी (जोडलेलं उपकरण ओळखणारी सेवा) रीस्टार्ट करा, केबल काढून परत लावा. नटचं पॅकेज यूएसबीच्या परवानगीचा स्वतःचा नियम ठेवतं, तो लागू व्हायचा असतो.

माळरान:
नट मी दुसऱ्या मशीनवर लावून बघितलंय. शटडाउन सुरू झालं आणि तेवढ्यात लाईट आली. मशीन बंद पडून राहिलं, कारण त्याच्यापुरती वीज गेलीच नव्हती. बायोसमध्ये 'वीज आल्यावर सुरू हो' करून ठेवलेलं, तरी उपयोग शून्य. सकाळी सगळे बोंबलत होते.

कृष्णाकाठ:
त्यासाठीच किलपॉवर आहे. शटडाउनच्या अगदी शेवटी नट यूपीएसला सांगतं की आउटपुट तोड आणि लाईट असेल तर परत दे. मशीनला वीज गेल्याचं आणि आल्याचं दोन्ही कळतं, मग बायोसची सेटिंग कामाला येते. पण ही कमांड सगळे यूपीएस मानत नाहीत, विकत घेण्याआधी लावून बघावं लागतं.

टर्मिनल:
तुमचं यूपीएस संपलं असेल तर मूळ प्रश्नावर येऊ. पाचवा मजला यांचं झेडएफएसचं कौतुक ऐकलं. नोव्हेंबर २०२३ आठवा. ओपनझेडएफएसमध्ये (झेडएफएसच्या मुक्त आवृत्तीत) कॉपी केलेल्या फाइलीत शून्यं भरली जातायत असा बग निघाला आणि तो वर्षानुवर्षं आतच होता. फ्रीबीएसडीलाही त्यासाठी दुरुस्ती काढावी लागली. 'हिशोब सडणार नाहीत' ही खात्री कुणीच देऊ नये. शिवाय २०२१ च्या १३.० पासून फ्रीबीएसडीत तेच ओपनझेडएफएस आहे जे लिनक्सवर चालतं. मग झेडएफएससाठी फ्रीबीएसडी कशाला?

कृष्णाकाठ:
बग होता, नाकारत नाही. बॅकअप वेगळ्या मशीनवर असलाच पाहिजे, यावर आपलं भांडण नाही. पण 'तेच आहे' हे अर्धं खरं. लायसन्सच्या अडचणीमुळे झेडएफएस लिनक्स कर्नलमध्ये येत नाही. तुमच्या लाडक्या डेबियनवर ते डीकेएमएस या साधनाने कर्नलगणिक बांधावं लागतं. कर्नल बदलला आणि मॉड्यूल बांधलं गेलं नाही, तर सकाळी पूलच दिसत नाही. फ्रीबीएसडीत कर्नल आणि झेडएफएस एकत्र येतात, एकत्र तपासलेले असतात. छोट्या ऑफिसात मला ही एक काळजी कमी करायची आहे.

खालची आळी:
मी दोन्ही चालवतो आणि कृष्णाकाठ यांनी अपडेटचं जरा गोड चित्र रंगवलंय. १३ वरून १४ ला गेलेल्या एका सर्व्हरवर सकाळी निम्म्या सेवा बंद. 'शेअर्ड ऑब्जेक्ट लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १११ नॉट फाउंड'. बेसमधलं ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.१.१ वरून ३.० वर गेलं होतं, आणि पॅकेजेस जुन्याच आवृत्तीसाठी बांधलेली. मोठी आवृत्ती बदलली की पीकेजी अपग्रेड जबरदस्तीने, सगळ्या पॅकेजेससकट करायचं असतं. हँडबुकमध्ये आहे, पण जो पोरगा रात्री उभा आहे त्याने ते आधी वाचलेलं नसतं.

दुसरं. झेडपूल स्टेटस सांगतं की पूलची काही फीचर्स बंद आहेत, अपग्रेड करा. कुणीतरी आज्ञाधारकपणे करतं. बूट लोडर मात्र जुनाच राहिलेला असतो, आणि पुढच्या रीबूटला मशीन पूल ओळखतच नाही. बूट एन्व्हायर्नमेंट इथे वाचवत नाही, कारण पूल मागे नेता येत नाही. त्या ओळीकडे दुर्लक्ष करा असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वहीत लाल पेनने लिहून ठेवतो.

टर्मिनल:
हेच तर मी सांगतोय! जाणकार माणूस जवळ असेल तर सगळंच सोपं.

जुनी दौत:
आणि उबुंटूवर जाणकार लागत नाही? रिलीज अपग्रेड मध्येच अडकलेलं मशीन तुम्ही पाहिलंच नाही का कधी?

टर्मिनल:
पाहिलंय. पण तेव्हा मदतीला शेजारच्या दुकानातला माणूस मिळाला. फ्रीबीएसडीला तो मिळत नाही, आणि नेटफ्लिक्स त्यावर व्हिडिओ पाठवतं म्हणून तो मिळणारही नाही. त्यांच्याकडे कर्नलवर काम करणारे इंजिनियर पगारी आहेत.

कृष्णाकाठ:
नेटफ्लिक्सचं नाव मी काढलेलंच नाही. पण माणसांचा मुद्दा तुम्ही लावून धरलात तर एवढं मान्य करतो की मिरजेत मी आजारी पडलो तर पर्याय शोधावा लागेल. म्हणून मी वही ठेवतो: आरसी डॉट कॉन्फची प्रत, पीएफचे नियम, पूलची मांडणी, प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर आणि ती कुठल्या खणात आहे ते. एका सीएंच्या सर्व्हरची डिस्क गेली तेव्हा मी गावाला होतो. त्यांच्या ऑफिसातल्या मुलीने वही बघून नेमकी डिस्क काढली, नवी लावली, रिप्लेसची कमांड टाइप केली. रीसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा भरणं) चालू असताना ऑफिसचं काम चालू होतं. तिने फ्रीबीएसडीचं नावही आधी ऐकलेलं नव्हतं.

रिअलटेकचंही मान्य, तो ड्रायव्हर मलाही नडलाय. पोर्ट्समध्ये (फ्रीबीएसडीच्या जादा सॉफ्टवेअरच्या संग्रहात) रिअलटेक-आरई-केमॉड हा ड्रायव्हर आहे, लोडर डॉट कॉन्फमध्ये दोन ओळी टाकल्या की कंपनीचा ड्रायव्हर चढतो आणि टाइमआउट थांबतात. सातपूरच्या मशीनवर सिस्टम बदलायची गरज नव्हती. मी तर नव्या मशीनला इंटेलचं जुनं कार्ड घालतो आणि प्रश्न मिटवतो.

टर्मिनल:
तो केमॉड मला माहीत नव्हता, आणि मालकालाही तो शोधायला वेळ नव्हता. फाइल सर्व्हर आणि फायरवॉल एवढंच काम असेल तर तुमचं चालेल, इतपत मी येतो. कंपोज फाइल आली की मी डेबियनच टाकणार.

पाचवा मजला:
माळरान, तुमचा इन्व्हर्टर तसाच ठेवा, पण त्याच्या पुढे यूएसबी असलेला छोटा लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज स्वतः सावरणारा) यूपीएस लावा. इन्व्हर्टर संपला की नट शटडाउन करेल. आधी एकदा भर दुपारी मेन स्विच पाडून बघा, काही यूपीएसना इन्व्हर्टरची वीज पसंत पडत नाही आणि ते सतत बॅटरीवर जातात.

माळरान:
आमचा इन्व्हर्टर साइनवेव्ह (मेनसारखीच वीज देणारा) आहे, त्यामुळे ते जमेल असं वाटतं. शनिवारी ऑफिस सुटल्यावर स्विच पाडतो आणि इथे कळवतो. एनयूटीड्रायव्ह-क्यूएक्सला पोर्ट 'ऑटो' ठेवू का?

कृष्णाकाठ:
हो, ऑटोच ठेवा. आणि मेन पाडण्याआधी पूलचा स्क्रब पूर्ण झालाय ना ते बघून घ्या.