अनुभव धागा: तुमच्या घड्याळांच्या डबीत किती देश आहेत?

गेल्या रविवारी घरातली सगळी मनगटी घड्याळं टेबलावर मांडली. तेरा निघाली. वही उघडून प्रत्येकापुढे त्याचा देश लिहायला बसलो आणि पहिल्याच घड्याळापाशी पेन थांबलं.

ते वडिलांचं. एचएमटी जनता, चावीचं, सतरा खड्यांचं (आतली चाकं झिजू नयेत म्हणून बसवलेले बारीक खडे). तबकडीवर 'जनता' असं देवनागरीत लिहिलेलं. 1974 साली नोकरीत कायम झाल्यावर वडिलांनी ते घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत दुसरं घड्याळ हातावर चढवलं नाही. मी डोळे झाकून 'भारत' लिहिणार होतो. पण एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना 1961 साली उभा राहिला तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. अगदी सुरुवातीच्या घड्याळांवर तर एचएमटीच्या जोडीला सिटिझनचंही नाव असायचं. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली, त्यांच्या आतल्या मशीनचा आराखडा मात्र जपानी. मग वहीत काय लिहायचं?

मी शेवटी 'भारत'च लिहिलं, आणि विचार करून लिहिलं. आराखडा शिकून घेतला, पण पुढे बंगळूर, तुमकूर, श्रीनगर, राणीबाग इथल्या कामगारांनी भिंगातून बघत लाखो घड्याळं जुळवली. अंध माणसांना बोटांनी वेळ वाचता यावी म्हणून ब्रेल घड्याळं केली. 2016 साली सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं, ती बातमी वडिलांनी दोनदा वाचली आणि पेपरची घडी घालून ठेवली.

तुमच्याकडच्या घड्याळांचे देश सांगा. तबकडीवर काय लिहिलंय, आत काय निघालं, आणि ते तुमच्यापर्यंत कुणाच्या हातून आलं तेही. घड्याळ एकच असलं तरी चालेल.

— पुणे

*

रत्नागिरी

आमच्याकडे जपान आला तो कुवेतमार्गे. बाबा 1978 साली तिकडे गेले आणि पहिल्या सुट्टीला, 1980च्या मे महिन्यात, हातात सेइको फाइव्ह घालून आले. ऑटोमॅटिक. चावी द्यायची नाही, सेल नाही, हात हलला की चालतं, हे बघायला आख्खी वाडी ओटीवर जमली होती. मी पाच वर्षांची होते. वाराच्या खिडकीत मला न वाचता येणारी अक्षरं होती. आखाती देशांत विकल्या जाणाऱ्या सेइकोत वार इंग्रजीबरोबर अरबीतही असतो. बाबांनी तो कधी बदलला नाही. आजही गुरुवार तिथे अरबीतच उजाडतो.

पुढे कुणीतरी सांगितलं की सेइकोच्या मागच्या झाकणावर जो नंबर असतो त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला आकडा नसून ओ, एन, डी ही अक्षरं असतात. मी चष्मा लावून पाहिलं तर 9 आणि एन. नोव्हेंबर 1979! म्हणजे बाबांच्या हातात आलं तेव्हा ते घड्याळ सहा महिन्यांचंही नव्हतं. तबकडीच्या तळाशी सहाच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'जपान' आहे. सेइकोची मशीनं नंतर सिंगापूर, मलेशियातही बनू लागली, त्यामुळे ही बारीक अक्षरं बघणारे लोक आहेत म्हणे. आम्ही मात्र अजून त्याला 'कुवेतचं घड्याळ' म्हणतो.

*

डोंबिवली

माझा अनुभव कडू आहे, पण लिहितो, कुणाचे तरी पैसे वाचतील.

आजोबांकडे फावर-ल्यूबा होतं, ते चोरीला गेलं. ही स्विस कंपनी 1865पासून मुंबईत होती, त्यामुळे त्या पिढीत ते नाव घरचंच. तसंच घड्याळ मिळवायचं म्हणून ऑनलाइन एका विक्रेत्याकडून त्याच कंपनीचं सी-चीफ घेतलं, 4200 रुपयांना. झळाळती निळी तबकडी, खाली ठळक 'स्विस मेड'. आनंदात दादरच्या आमच्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मग न बोलता ते भिंग माझ्या हातात दिलं. मिनिटांच्या रेघा बाराच्या खुणेशी जुळत नव्हत्या. 'स्विस'मधला शेवटचा एस जाड, पहिला बारीक. सेकंदकाटा दुसऱ्याच कुठल्या घड्याळाचा. मशीन तेवढं अस्सल स्विस, स्क्रूंची डोकी मात्र ओरबाडलेली. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आपल्या शहराचं नाव या अर्थाने जगभर फिरतंय याचं फार वाईट वाटलं.

घड्याळजी मात्र वेगळं बोलले. म्हणाले, "आमच्या वडिलांच्या काळात पावसाळ्यात तबकडीला बुरशी धरायची. गिऱ्हाईक म्हणायचं, नवी रंगवून द्या. रंगवून देणं ही कारागिरी होती, त्यात लपवाछपवी नव्हती. जुनं म्हणून विकायला लागले तेव्हापासून ती फसवणूक झाली." विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. घड्याळ चालतं, वेळही बरोबर दाखवतं. देशाच्या रकान्यात मी 'मशीन स्वित्झर्लंड, तबकडी मुंबई' असं लिहीन.

*

नाशिक

माझं एकच, टायटन एज. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी दिलं. होसूरला बनलेलं. सगळं घड्याळ 3.5 मिलिमीटर जाडीचं आणि आतलं मशीन 1.15 मिलिमीटरचं. साडीच्या काठात अडकत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी खूबी. विज्ञान शिकवायचे, त्यामुळे इतकं पातळ मशीन आपल्या देशात बनलं हे मी वर्गावर वर्ग सांगितलं असतं. ते हातात आलं तेव्हा वर्ग संपले होते.

*

बील, स्वित्झर्लंड

डोंबिवलीच्या दादांचं वाचून वाईट वाटलं. मी मूळची सांगलीची, सहा वर्षं या गावात राहते. इथे ज्याला त्याला घड्याळातलं काहीतरी कळतं. शेजारच्या आजी एका कारखान्यात काटे बसवायच्या.

'स्विस मेड' या दोन शब्दांमागे कायदा आहे. मशीन स्विस असावं, ते इथेच केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, बसवलेलं असावं आणि शेवटची तपासणी इथे व्हावी. शिवाय 1 जानेवारी 2017पासून घड्याळाच्या निर्मितीखर्चातला किमान 60 टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये झालेला असला पाहिजे. उरलेल्या 40 टक्क्यांत परदेशी भाग बसू शकतात. हे कळलं तेव्हा आधी मला फसल्यासारखं झालं. मग त्या आजींचे हात आठवले. चिमट्यात केसाएवढा काटा धरून तो न थरथरता बसवायचा, दिवसाला शेकडो वेळा. किमतीतला तो हिस्सा खरा आहे.

आणखी एक. जुन्या घड्याळात सहाच्या खाली 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना टी हे अक्षर दिसलं तर ते ट्रिटियमचं. अंधारात चमकण्यासाठी लावलेलं. आता तो रंग विझलेला असेल, पण घड्याळाचा काळ ओळखायला मदत होते.

*

नागपूर

आजोबा रेल्वेत गार्ड. त्यांचं घड्याळ वेस्ट एंड वॉच कंपनीचं, 'सवार प्राइमा'. लहानपणी वाटायचं, सवार म्हणजे आपला घोडेस्वार, तेव्हा घड्याळ देशीच असणार. बनलेलं स्वित्झर्लंडमध्ये, पण हिंदुस्थानातल्या गिऱ्हाइकासाठी. नाव आपल्या भाषेतून उचललेलं. फौजेत आणि रेल्वेत ही घड्याळं फार चालली. आजोबा रोज सकाळी स्टेशनच्या घड्याळाशी ते मिळवायचे आणि चावी देताना मोजायचे, बावीस फेरे, त्यापुढे एकही नाही. आजही मी बाविसावर थांबतो.

*

पवई

मला मदत हवी आहे. माझ्या घड्याळाचा देश नकाशावर नाही.

पवईचं आयआयटी 1958 साली सुरू झालं ते युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीतून. यंत्रं आली, ती शिकवायला तज्ज्ञ आले. वडील तिथल्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. एका रशियन तज्ज्ञांबरोबर त्यांनी दोन वर्षं लेथवर काम केलं. दोघांनाही एकमेकांची भाषा धड येत नव्हती, मापं तेवढी कळायची. 1966 साली ते गृहस्थ मायदेशी निघाले तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून वडिलांच्या मनगटावर बांधलं. पल्योत. म्हणजे 'उड्डाण'. खाली रशियन लिपीत 'सोव्हिएत संघात बनवलेलं' अशी अक्षरं.

ज्या मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्यात ते बनलं, तो 1930 साली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या बंद पडलेल्या कंपनीची यंत्रसामग्री विकत आणून उभा केला होता. म्हणजे अमेरिकी यंत्रं, मॉस्कोचे कामगार, पवईचं मनगट. आणि 1991 साली तो देशच राहिला नाही. मुलगा म्हणतो 'रशिया' लिहा. मला ते पटत नाही. तबकडीवर जे आहे तेच लिहावं ना?

*

पुणे

पवईकर, तबकडीवरचंच लिहा. त्या गृहस्थांनी ज्या देशाचं म्हणून ते दिलं, तोच त्याचा देश. मी तुमच्यासाठी वहीत 'सोव्हिएत संघ' असा रकाना आखला आहे.

*

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया

थोडक्यात लिहिते. हॅमिल्टन कंपनी मूळची या गावची. 1969 साली इथलं घड्याळांचं उत्पादन थांबलं आणि ते स्वित्झर्लंडला गेलं. माझ्याकडे दोन हॅमिल्टन आहेत, एक पन्नासच्या दशकातलं इथलं आणि एक आताचं स्विस. नाव एक, देश दोन. मीही एका देशातून दुसऱ्यात आलेली, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी ठेवते.

*

सातारा

लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं.

वडील सैन्यात होते. 1962 साली नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचलात. परत आले ते पायाची दोन बोटं बर्फात गमावून. घरात त्यानंतर चीन हा शब्द कुणी काढत नसे. मी बँकेतून निवृत्त झालो, घड्याळांचा नाद लागला, आणि गेल्या वर्षी चीनमधल्या तिआनजिनच्या सीगल कंपनीचं एक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, घेतलं. तबकडीवर लाल तारा आणि '21 त्सुआन', म्हणजे 21 खडे. चीनने 1961 साली एका स्विस मशीनचा सगळा सरंजाम, हत्यारांसकट विकत घेतला आणि आपल्या हवाई दलासाठी हे घड्याळ बनवलं. त्या काळातल्या घड्याळाचीच ही नवी आवृत्ती. मागचं झाकण काचेचं आहे. स्टॉपवॉचचं बटण दाबलं की आत तरफा एकमेकींना अशा ढकलतात की बघत राहावं. कारागिरी उत्तम आहे, हे मला मान्य करावंच लागतं.

पण ते आकाश बघायला निघालेल्या वैमानिकांसाठी बनलेलं नव्हतं, आणि कुणाच्या हवाई दलासाठी बनलं होतं ते मला ठाऊक आहे. वडील आता नाहीत. आईने एकदा विचारलं, "हे कुठलं रे?" मी म्हटलं, बाहेरचं आहे. तेव्हापासून डबीच्या शेवटच्या खणात ठेवलंय. विकवत नाही आणि मनगटावर घालवत नाही.

*

डोंबिवली

काका, घालू नका, पण महिन्यातून एकदा चावी द्या. नुसतं पडून राहिलं की तेल घट्ट होतं आणि मशीन धरतं.

*

सातारा

काल रात्री दिली. आई खोलीत होती. घड्याळ कुठलं ते तिला खरं सांगितलं. तिने कानाशी धरलं, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "ह्यांच्या एचएमटीपेक्षा भराभर वाजतंय." मग तिने कपाटातून वडिलांचं घड्याळ काढून दिलं, त्यालाही चावी द्यायला सांगितली.