गाठीभोवती भुलीचे इंजेक्शन: आधार काय?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): आत्यांच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली आहे. त्याआधी गाठीभोवती भुलीचे औषध टोचल्याने खरोखर फायदा होतो का?

उत्तर १: होय. टाटा स्मारक रुग्णालयाच्या नेतृत्वाखालील, १,५८३ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटे आधी लिग्नोकेन हे भुलीचे औषध गाठीभोवती टोचलेल्या गटात पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण ८६.६ टक्के, तर ते न टोचलेल्या गटात ८२.६ टक्के आढळले. इतक्या स्वस्त औषधाने हे साधावे, याचे मोल फार मोठे आहे.

उत्तर २: मात्र त्या रुग्णांनी आधी केमोथेरपी घेतलेली नव्हती, त्यामुळे आत्यांना हे लागू पडते का, ते सर्जनना विचारा.

उत्तर ३: मी परिचारिका आहे. पूर्वी भुलीच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी झाली असल्यास किंवा हृदयविकार असल्यास, भरती होतानाच वॉर्डातील सिस्टरना आवर्जून सांगा.