मदत हवी आहे: वाडीच्या रस्त्याला कर्ब (काँक्रीटची उभी कड) किती उंच ठेवावा?

खाडीकाठचा
दापोली तालुक्यात आमच्या वाडीचा रस्ता काँक्रीटचा होतोय. पावसात पाणी थेट खालच्या घरांच्या पडवीत शिरतं, म्हणून त्या कडेला कर्ब नि गटर घालायचंय. उंची १५० मिमी की २२५? ठेकेदार सोमवारी शटरिंग लावणार. फक्त आकडा सांगा, लेक्चर नको.

अडीचटक्के
रुंदी? लांबीचा ढाळ? कर्बला अडलेलं पाणी सोडणार कुठे?

खाडीकाठचा
साडेपाच मीटर. ढाळ आहेच की, कोकणात सपाट रस्ता असतो का!

चिरेबंदी
कर्ब हवाच कशाला? आमच्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांचं उघडं गटार आहे, फावड्याने साफ होतं. ही शहरातली फॅशन.

अडीचटक्के
चिऱ्याचं गटार चांगलंच, पण लोक फाटकासमोर त्यात काँक्रीट ओतून गाडी आत घेतात नि तिथेच ते तुंबतं.
धागाकर्ते, हिशेब बघा. तासाला १०० मिमीची सर धरली तर १०० मीटर रस्त्याचं पाणी सेकंदाला साधारण १४ लिटर. आडवा ढाळ अडीच टक्के एकाच बाजूला, लांबीचा अर्धा टक्का, तर ते कर्बपाशी जेमतेम ४ सेंमी चढतं, पण रस्त्यात १.७ मीटर पसरतं. म्हणजे उंचीचा प्रश्नच नाही, पाणी गटारात उतरवणाऱ्या जाळ्या किती अंतरावर ठेवता तो आहे. वरून डोंगराचं पाणी येतं का?

खाडीकाठचा
येतं ना. त्याचंच तर रडगाणं आहे!

अडीचटक्के
अहो मग! एक हेक्टर उताराचं, बरंचसं जमिनीत मुरलं तरी, त्याच सरीत सेकंदाला शंभरेक लिटर धरा. ते रस्त्यावर उतरण्याआधी वरच्या अंगाला चर खणून वळवा. कर्ब त्याला पुरणार नाही.

मालवणी_गजाली
पयला ता सांग, आधी ह्या पाणी खय जाय होता? व्हाळ बुजवलास काय?

रत्नांग्रीवाला
पडवीचा उंबरठा वीतभर वाढवा, विषय संपला. आणि टाकीला वॉटरप्रूफिंग कोणतं चांगलं? मला हवंय.

चिरेबंदी
वेगळा धागा काढा हो.

खाडीकाठचा
व्हाळ नाही बुजवला, त्यावर मोरी आहे. पाईप खाडीत सोडलाय. अमावस्येच्या उधाणाला त्याचं तोंड बुडतं, एवढंच.

अडीचटक्के
एवढंच?! भरतीत जोराची सर आली की पाणी मागे सरकणार. तोंडाला झडप लावा, खाडी आत शिरणार नाही.

चिरेबंदी
झडपेत प्लास्टिक अडकतं, मग ती उघडीच राहते. आमच्याकडे हाच अनुभव.

अडीचटक्के
साफ करत नसाल तर अडकणारच. तसंही झडप बंद असताना वरचं पाणी थांबायला जागा लागतेच. पाईपच्या तोंडाची नि उधाणाच्या पाण्याची लेव्हल घ्या, मग बोलू.

खाडीकाठचा
ठीक. ठेकेदाराला १५० सांगतो. चर खणायचा तो डोंगर तिघांच्या सामायिक सातबाऱ्यावर, एक मुंबईला. त्याची परवानगी कशी काढतात?