ब्योमकेश बक्शी: तेव्हा कुठे बसून बघत होतात?

उंबरठा
परवा लेकीच्या मोबाईलवर एक नवीकोरी खूनकथा चालू होती. काळ जुना, म्हणून सगळीकडे अंधार. कॅमेरा सारखा डोलतोय, माणसं शिव्या देतायत आणि डिटेक्टिव्हला स्वतःचंच काहीतरी जुनं दुखणं. तिसरा भाग संपत आला तरी मेलं कोण तेच कळेना. म्हटलं, अगं, आमचा ब्योमकेश एका बैठकीत खुनी हातात द्यायचा, मध्ये चहा पिऊन. तर म्हणे, कोण ब्योमकेश?

मग बसवलं तिला. 1993 ची दूरदर्शनवरची मालिका, बासू चटर्जींची. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित. आनंद शंकरचं ते सुरुवातीचं संगीत लागलं आणि मला थेट आमच्या चाळीतल्या कुलकर्ण्यांच्या घरातला सतरंजीचा वास आला. आमच्याकडे टीव्ही नव्हता.

पण एक सांगते, या वेळी खटकलंही बरंच. सगळं कलकत्ता चार खोल्यांत. तोच जिना, तीच आरामखुर्ची. कथा कुठलीही असो, शेवटच्या दोन मिनिटांत ब्योमकेश सगळं घडाघडा सांगून मोकळा. तरी तीन भाग सलग बघितले. का आवडतं हे नीट सांगता येईना, म्हणून धागा काढला. तुमच्या आठवणी लिहा, तक्रारीही लिहा.

सायकलवाला
ग्रामोफोनची पिन!!! सायकलच्या घंटीतून!!!
एवढंच लिहायला लॉगिन केलं.

मीठभाकर
@सायकलवाला अगदी अगदी. 'रास्ते का काँटा' बघून आमच्या गल्लीतली पोरं महिनाभर एकमेकांच्या छातीवर नेम धरून घंटी वाजवत होती. एकाने खरंच घंटी उघडून आत टाचणी बसवायचा प्रयत्न केला. घंटी गेली, मार मिळाला, संशोधन थांबलं.

निगडीची_सून
मी सासूबाईंबरोबर लॉकडाउनमध्ये बघितली, 2020 ला दूरदर्शनने परत लावली होती तेव्हा. सासूबाईंची पद्धत सोपी. पात्रं ओळीने समोर आली की म्हणायच्या, "ह्याला उगाच एवढा वेळ दिलाय, हाच." बहुतेक वेळा तोच निघायचा. हीच मला या मालिकेची खरी उणीव वाटते. एवढ्याशा वेळात माणसं आणणार किती? चार. त्यातला एक मेलेला, एक नोकर. उरले दोन. त्यात कोडं कसलं.
पण सासूबाईंना कोडं नकोच होतं. त्यांना त्या घरांमधली भांडणं आवडायची. काका-पुतणे, मृत्युपत्र, दत्तक, कोण कुणाच्या जिवावर खातोय. "आपल्याकडे पण असंच" म्हणून माहेरच्या वाड्याची एक गोष्ट दर एपिसोडला. बासूदांपेक्षा त्या गोष्टी जास्त रंगायच्या. कुकर झाला, येते.

आडवळण
निगडीची_सून, सासूबाईंचं बरोबर आहे. एका गोष्टीतले ते करालीबाबू दर थोड्या दिवसांनी मृत्युपत्र बदलतात, आज एका भाच्याला सगळं, उद्या दुसऱ्याला. खून होणार नाही तर काय होणार. मला तरी ती मालिका गुन्ह्याची वाटलीच नाही कधी. एकत्र कुटुंबात पैसा नावाची गोष्ट जेवणाच्या ताटापर्यंत कशी येते, त्याची वाटली. खुनी शोधणं हे निमित्त.

तिरफळ
ब्योमकेशची बायको सत्यवती त्याच गोष्टीत भेटते ना? भावावर आळ येतो ती. सुकन्या कुलकर्णी. पुढे 'आभाळमाया'तली सुधा म्हणून घरोघरी गेली, पण आमच्या म्हापशाच्या घरात ती आधी सत्यवतीच होती. आई अजून तसंच म्हणते.
माझी तक्रार हीच. पहिल्या भेटीत काय धीट मुलगी आहे ती! अनोळखी माणसासमोर सरळ उभी राहून बोलते. आणि लग्न झालं की? चहा. "अजितबाबू, चहा घ्या." परत चहा.

उंबरठा
तिरफळ, हो गं! आणि चहा देऊन ती पडद्याआड जाते तेव्हा मला वाटायचं आत जाऊन तीच केस सोडवत असणार.

रंकाळा
कोल्हापूर. लोडशेडिंग. 'साही का काँटा'. साळिंदराच्या काट्याने खून करत सुटलेला माणूस, आधी भिकारी, मग मजूर, मग दुकानदार, आणि मग त्या नवऱ्यावर मागून वार होतो. लाइट गेली. शपथेवर सांगतो, मी कित्येक वर्षं तो माणूस मेला असंच धरून चाललो होतो. लग्न झालं, पोरं झाली. मग यूट्यूबवर बघितलं तर पठ्ठ्या जिवंत! हृदयच उजवीकडे!

स्वल्पविराम
रंकाळा, स्पॉयलर अलर्ट तरी द्या हो. मी अजून पाहिलेली नाही.

रंकाळा
ताई, मालिकेलाच तीस वर्षं झाली. अजून किती थांबू?

स्वल्पविराम
माझी तीस वर्षं वेगळ्या कामात गेली 🙂

हावडापूल
नोकरीनिमित्त कलकत्त्यात आहे बरीच वर्षं. गोष्टींमधला ब्योमकेश राहतो तो हॅरिसन रोड, आता महात्मा गांधी रोड. कॉलेज स्ट्रीट जवळच. गावाकडून आलेले कारकून, विद्यार्थी, मास्तर यांच्या मेस त्या भागात असायच्या. एका खोलीत दोघं-तिघं, खाली स्वयंपाकी, वर गच्ची. 'सत्यान्वेषी'त ब्योमकेश नाव बदलून अशाच मेसमध्ये राहायला येतो आणि अजित त्याचा खोलीवाला होतो. मालिकेत ती मेस आहे, पण तिचा गोंगाट नाही. भांडी नाहीत, पाण्यासाठी रांग नाही, खालच्या रस्त्यावरची ट्राम नाही. पैसे नसणार, कबूल. पण आवाज तर फुकट होता! ट्रामची घंटा नुसती मागे टाकली असती तरी खोली कलकत्त्यात गेली असती.
दुसरं, सगळेच इतकं स्वच्छ हिंदी बोलतात की इथले सहकारी हसतात. त्यांना तरीही रजित कपूर चालतो, हे विशेष. बंगाल्यांनी बाहेरचा ब्योमकेश मान्य करणं म्हणजे पुणेकरांनी बाहेरची मिसळ मान्य करण्यासारखं आहे.

पेठेतला_बोका
मिसळीवर धागा नेऊ नका, परत येणार नाही.
पुण्यावरून आठवलं. ब्योमकेश लिहिणारे शरदिंदु बंद्योपाध्याय 1952 पासून पुण्यातच राहायचे. माझ्या काकांनी हे सांगितलं तेव्हा वाटलं थापा मारतायत. पण खरंच. 1938 मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईला आले, नंतर सिनेमाला कंटाळून इकडे. ब्योमकेश लिहिणं पंधराएक वर्षं बंद होतं, ते पन्नाशीच्या सुरुवातीला परत धरलं. म्हणजे नंतरच्या कितीतरी गोष्टींमधलं कलकत्ता पुण्यात बसून लिहिलेलं आहे. शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टीही त्यांनी बंगालीत लिहिल्यात. आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

आडवळण
@पेठेतला_बोका धन्यवाद, हे माहीत नव्हतं. आणि यावरून माझी मुख्य तक्रार सुचली. पहिल्या गोष्टी 1932 च्या, इंग्रजांच्या राज्यातल्या. नंतरच्या स्वातंत्र्यानंतरच्या. 'आदिम शत्रू'ची मूळ गोष्ट तर 1946 च्या दंगलीपासून सुरू होऊन स्वातंत्र्यापर्यंत येते. एवढं सगळं बदलतंय बाहेर, आणि मालिका बघताना मला मात्र एकच सलग 'जुना काळ' दिसत राहिला. तेच धोतर, तीच शाल, तोच दिवा. एक भाग राजवटीतला आणि पुढचा फाळणीनंतरचा, हे कपाटावरच्या एखाद्या वस्तूनेही कळू नये? मालिका सुरू झाली तेव्हा नुकत्याच मुंबईत दंगली होऊन गेल्या होत्या. आम्ही त्या वेळी भायखळ्याला राहायचो. खिडकीबाहेर काय चाललंय याची जाणीव असलेला ब्योमकेश मला तेव्हा बघायला आवडला असता.

निगडीची_सून
आडवळण दादा, पटलं आणि नाही पण पटलं. त्या वर्षी आम्ही बाहेरचं एवढं बघितलं होतं की घरात बसून कुणीतरी शांत आवाजात बोलतंय हेच बरं वाटायचं. माझे वडील मुंबईहून यायचे शनिवारी, गप्प असायचे. हे लागलं की मात्र बोलायचे. "बघ, हा खोटं बोलतोय, हाताकडे बघ त्याच्या."

आडवळण
हं. हे खरं आहे. आमच्याकडेही आवाज मोठा करून बघायचे, बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून.

मीठभाकर
🙏

कुरडई
मी उशिरा आले का? पेन!! कुणीच पेनबद्दल बोललं नाही? 'मकडी का रस'मध्ये त्या म्हाताऱ्याला विष मिळतं ते शाईतून. घरचे सगळे त्याच्यावर पहारा देतायत, अन्न तपासतायत आणि हा बाबा निवांत लिहीत बसलाय. शाळेत पेनचं टोपण चघळायची माझी सवय त्या दिवशी सुटली. आईने दहा वर्षं सांगून सुटली नव्हती.
आणि 'किले का रहस्य'मध्ये परत पेनच! तिथे सापाचं विष. शरदिंदुबाबूंना पेनची काय भीती होती कुणास ठाऊक, स्वतः आयुष्यभर लिहीत होते.

स्वल्पविराम
कुरडई ताई, तुम्हीही??

कुरडई
अगं खुनी नाही ना सांगितला, फक्त हत्यार 😁

सायकलवाला
रजित कपूरबद्दल कुणी लिहा ना. तो काही करतच नाही आणि तरी बघत राहावंसं वाटतं. आवाज चढत नाही, टेबलावर हात आपटत नाही. समोरचा खोटं बोलला की नुसता सिगारेट पेटवायला वेळ लावतो. आमच्या ऑफिसमध्ये एक साहेब असेच होते, त्यांची जास्त भीती वाटायची.

हावडापूल
आणि रैनांचा अजित. बाकी ठिकाणी डिटेक्टिव्हचा मित्र बावळट असतो. हा बावळट नाही, लेखक आहे. त्याला माणसं कळतात, खून कळत नाहीत. दोघं चहा पीत पेपर वाचतात ते प्रसंग मला केसपेक्षा आवडतात. म्हणजे बासू चटर्जींचा खरा हात तिथेच आहे. 'रजनी' मालिका करणारा माणूस, त्याला बैठकीची खोली कळायची. पाठलाग, मारामारी, रात्रीचा रस्ता आला की मालिका अवघडते. खोलीत आली की परत सुटी होते.

उंबरठा
हावडापूल, मला दोन दिवस सांगता येत नव्हतं ते तुम्ही लिहिलंत. तो अवघडलेला पाठलाग बघून लेक जाम हसली. "आई, तो पळत नाहीये, बसला उशीर झालाय त्याला."
बासूदा त्या लॉकडाउनमध्येच गेले ना, जूनमध्ये.

तिरफळ
हो, 4 जून 2020. मालिका परत दाखवली त्याला तीन महिनेही झाले नव्हते.

पेठेतला_बोका
कुणाकडे सदाशिवच्या गोष्टींचं मराठी भाषांतर असेल तर सांगा. हिंदीही चालेल. पुतण्या गडांच्या मागे लागलाय सध्या.

रंकाळा
गडांवरून, पन्हाळ्याला येणार असाल तर घरी उतरा. लाइट जात नाही आता.

निगडीची_सून
सासूबाईंना धागा वाचून दाखवला. त्या म्हणतायत, भायखळ्याचे आडवळण म्हणजे कुठल्या बिल्डिंगमधले? त्यांची मावशी तिथे होती.

आडवळण
काकूंना नमस्कार सांगा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

स्वल्पविराम
चला, तुम्ही सगळ्यांनी मिळून निम्म्या मालिकेची वाट लावलीत, तरी आज रात्रीपासून पहिल्यापासून बघायला घेतेय. 'सत्यान्वेषी'बद्दल अजून कुणी काही फोडलेलं नाही, तेवढी एक तरी राहू द्या.

कुरडई
नाही सांगत. फक्त त्या मेसमध्ये राहायची वेळ आली तर होमिओपॅथीच्या गोळ्या घेऊ नकोस हो.

स्वल्पविराम
कुरडई ताई!!!!