कॅशबॅकचा टक्का बघायचा की परतफेडीच्या अटी?

(नागपूरकरांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खामल्याहून

कोणी नवीन क्रेडिट कार्ड घेतलं की आपण सगळे एकच विचारतो, "कॅशबॅक किती?" मीही तेच विचारून कार्ड घेतलं होतं. आता माझं ठाम मत झालंय की हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की बिलातले थोडेसे पैसे भरायचे राहिले तर हे कार्ड माझ्याशी कसं वागेल?

माझा हिशोबच मांडते. १० जूनला ऑनलाइन ४०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. ५ टक्के कॅशबॅक, म्हणजे २,०००. कार्ड नवीन होतं, त्यामुळे ५ जुलैच्या बिलात फ्रिज सोडून काहीच नव्हतं. शेवटची तारीख २५ जुलै. ॲप उघडलं की वरच हिरव्या अक्षरांत "कॅशबॅक २,०००" दिसायचं. मी सरळ वजाबाकी केली आणि २५ तारखेला ३८,००० भरले. पण ते कॅशबॅक नुसतं दिसत होतं, जमा व्हायचं होतं पुढच्या बिलात. म्हणजे बँकेच्या वहीत माझे २,००० थकले.

५ ऑगस्टचं बिल बघून मी चक्रावलेच. मला वाटलं होतं, लागलं तर दोन हजारांवर लागेल व्याज. पण लागलं ते पूर्ण ४०,००० वर, १० जूनपासून २४ जुलैपर्यंतच्या ४५ दिवसांचं. दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. त्याचे झाले २,०७१. उरलेल्या दोन हजारांवर पुढच्या बारा दिवसांचे २८. आणि ८ जुलैला लेकीच्या ट्यूशनचे ९,००० याच कार्डावर भरले होते, ज्याचं बिल अजून यायचंच होतं, त्यावरही पहिल्या दिवसापासून ३००. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण २,८३१ रुपये.

कॅशबॅक आलं, पूर्ण दोन हजार आलं. ते सगळं गेलं आणि वर पदरचे ८३१ गेले.

"५० दिवसांपर्यंत बिनव्याजी" ही सवलत मागचं बिल पूर्ण चुकतं केलं तरच असते. अटींच्या कागदात हे लिहिलेलं होतं. मी टक्का वाचला, कागद वाचला नाही. तुम्ही कार्ड निवडताना काय बघता ते सांगा.

मिहानवाला

ताई, वाईट वाटलं वाचून. पण निष्कर्ष पटला नाही. परतफेडीच्या अटींची तुलना करायची म्हणता, पण तुलना करायला फरक तर हवा? नेहमीच्या कार्डांचा दर बघा, बहुतेक ठिकाणी महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के. जीएसटी सगळीकडे १८. पूर्ण बिल भरलं नाही तर खरेदीच्या दिवसापासून व्याज, हेही जवळपास सगळीकडे. सगळ्या विहिरी सारख्याच खोल असतील तर खोली मोजून काय मिळणार? फरक आहे तो कॅशबॅकमध्येच.

अमेझॉन पे आयसीआयसीआयला वार्षिक फी नाही. अमेझॉनचं प्राइम सदस्यत्व असेल तर तिथल्या खरेदीवर ५ टक्के, नसेल तर ३. फ्लिपकार्ट ॲक्सिसला ५०० फी. एसबीआय कॅशबॅकला ९९९, वर्षाला दोन लाख खर्च केला तर ती माफ. हे बघायचं, आपण कुठे खरेदी करतो ते बघायचं आणि ठरवायचं. बिलाला ऑटो डेबिट लावून टाकायचं, म्हणजे पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, संपला विषय. मागच्या वर्षी मला ११,४०० रुपये कॅशबॅक मिळालं आणि व्याजाचा एक रुपया दिला नाही. दोष कार्डाचा नाही, वजाबाकीचा आहे.

खामल्याहून

भाऊ, दर सारखे आहेत हे मान्य. पण अटी म्हणजे फक्त दर का? कॅशबॅक कधी जमा होतं, हा फरक कार्डागणिक आहे. एकात बिल निघाल्यावर दोन दिवसांत, दुसऱ्यात पुढच्या महिन्यात, तिसऱ्यात पॉइंट म्हणून, आणि ते आपण मागावे लागतात. बिल निघाल्यापासून भरायला किती दिवस, हाही फरक. कॅशबॅकला महिन्याची कमाल मर्यादा किती, हाही.

फीचं बघा. ९९९ वर जीएसटी धरून ११७९ होतात. ५ टक्क्यांनी तेवढे परत मिळवायला वर्षाला साधारण २३,६०० ची ऑनलाइन खरेदी लागते. आमच्या घरी भाजी गोकुळपेठच्या बाजारातून येते, किराणा कोपऱ्यावरून. तिथे कुठलं ५ टक्के? आणि पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, यांवर बऱ्याच कार्डांवर काहीच मिळत नाही.

इतवारीचं किराणा दुकान

मी दुकानाच्या या बाजूनं बोलून राहिलो. तुम्ही दोघं भांडून राहिले ते कॅशबॅक येते कुठून, हे कोणी इचारलं का जी? बँक काही घरून नाही आणत. दुकानात कार्ड घासलं की माह्या खात्यात दोन टक्क्याच्या आसपास कमी पैसे येतात, वरून त्याच्यावर जीएसटी. तेलाचा १५ किलोचा डबा २,२०० ले इकला तर ४४ रुपये तिथंच कटले, जीएसटी धरून बावन्न. मले त्या डब्यावर सुटतेत तीस-चाळीस. मंग गिऱ्हाइकाले मी म्हणतो का नाही, दादा खात्यातून यूपीआय करा? त्याच्यावर २०२० पासून दुकानदाराले काही लागत नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयले जोडून देलं तरी छोट्या दुकानाले दोन हजारापर्यंत माफ आहे. पण तेलाचा डबा त्याच्या वर जाते.

मिहानवाले भाऊ, तुमचे ११,४०० हे माह्यासारख्याच कोणाच्या तरी गल्ल्यातून गेले. काही थकबाकीवाल्यायच्या व्याजातून. रागावून नाही सांगत, हिशोब आहे तो सांगतो.

मिहानवाला

काका, तुमच्या दुकानात मी कार्ड काढणार नाही, खात्यातूनच देईन. तुमचा मुद्दा मोठा आहे. पण मोठ्या ऑनलाइन दुकानांनी तो खर्च किमतीत आधीच धरलाय. तिथे मी कार्ड वापरलं नाही तरी किंमत तीच, मग सोडू कशाला?

निवृत्त कॅशियर, प्रतापनगर

आयुष्य बँकेच्या खिडकीमागे गेलं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मिहानवाले, ऑटो डेबिट लावताना दोन पर्याय येतात, "टोटल अमाउंट ड्यू" म्हणजे पूर्ण बिल आणि "मिनिमम अमाउंट ड्यू" म्हणजे फक्त किमान रक्कम. माझ्या ओळखीतल्या किमान चौघांनी दुसरा निवडला होता, आणि आपण बिल भरतोय अशा समजुतीत वर्षभर होते. तुम्ही कुठला निवडलाय ते आज पुन्हा उघडून बघा.

मिनिमम म्हणजे काय ते मांडतो. ५०,००० थकलेत, मिनिमम ५ टक्के, म्हणजे २,५००. महिन्याचं व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५, मिळून २,०६५. तुम्ही भरले अडीच हजार, मुद्दल फिटलं ४३५ रुपये. पुढच्या महिन्यात ४९,५६५ वरून पुन्हा हेच. आणि त्या काळात नवीन काही घेतलंत तर त्यावर पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

दराला वरून टोपी असेल असं कोणी समजू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला.

रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांबाबतचे निर्देश मात्र ग्राहकाच्या बऱ्याच कामाचे आहेत. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय लेट फी लावता येत नाही. पण ती ढील लेट फीपुरती, व्याजाला नाही. इथे भले भले फसतात. वस्तू परत केली आणि रिफंड शेवटच्या तारखेआधी आला, तर तो त्याच बिलातून लगेच वळता करायला हवा. ताईंची अडचण रिफंडची नव्हती, कॅशबॅकची होती, म्हणून हा नियम त्यांच्या कामी आला नाही. कार्डाने एटीएममधून रोख तर कधीच काढू नका, तिथे बहुतेक कार्डांवर बिनव्याजी दिवस मुळातच नसतात आणि फी वेगळी.

बुटीबोरी, रात्रपाळी

काका, तुमचा आकडा खरा आहे, मी तो जगलोय. पण मिनिमम भरणारा प्रत्येक जण बेहिशोबी असतो असं नका धरू. दोन वर्षांपूर्वी आईचं ऑपरेशन अचानक निघालं. रात्री अकराला काउंटरवर साठ हजार मागितले. कंत्राटी नोकरी, पर्सनल लोन कोण देणार? गहाण ठेवायला सोनं नव्हतं. कार्ड दिलं, दहा मिनिटांत आईला आत घेतलं.

त्यानंतर पाच महिने मिनिमम भरत होतो. व्याज किती जातंय ते दर महिन्याला दिसत होतं, पोटात कालवायचं. पण लेट फी लागली नाही, हप्ता बुडाला नाही, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग आला नाही. वस्तीतला सावकार शंभराला महिना दहा मागत होता. त्याच्यापुढे साडेतीन टक्के म्हणजे मला आधारच वाटला. कॅशबॅक त्या कार्डावर एकच टक्का होतं, माझं लक्षही नव्हतं.

निवृत्त कॅशियर, प्रतापनगर

तुमच्या जागी मीही कार्डच दिलं असतं. एवढंच सांगतो की दुसऱ्या दिवशी बँकेला फोन करून ते साठ हजार हप्त्यांवर करून घेता आले असते. ईएमआयचा दर कार्डाच्या चालू व्याजाच्या निम्म्याहूनही कमी असतो बहुतेक वेळा. प्रक्रिया शुल्क आणि व्याजावर जीएसटी धरूनसुद्धा तुमचे बरेच पैसे वाचले असते. हे काउंटरवर कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहितो.

बुटीबोरी, रात्रपाळी

हे मला खरंच माहीत नव्हतं. कार्डाच्या जाहिरातीत टक्के असतात, हे नसतं. या बाबतीत मी ताईंच्या बाजूचा. कॅशबॅकचं कार्ड घेणाऱ्याला ईएमआयचा दर आधी विचारायला शिकवा.

मिहानवाला

ऑटो डेबिट उघडून बघितलं, टोटलच आहे. पण कॅशियर काकांमुळे दुसरं एक लक्षात आलं. ते ज्या खात्याला जोडलंय त्यात २० तारखेनंतर फार काही उरत नाही आणि बिल कापलं जातं २४ ला. एखाद्या महिन्यात पैसे कमी पडून डेबिट परत गेलं असतं तर बँकेचा दंड, कार्डाची लेट फी आणि व्याज, तिन्ही एकदम. मी माझ्या मतावर कायम आहे, पूर्ण भरणाऱ्याने टक्काच बघावा. पण बिलाची तारीख पगाराच्या जवळ आणायला आजच अर्ज करतो. बिलाचं चक्र बदलून मागता येतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांत आहे.

खामल्याहून

मी ते कार्ड बंद करायला टाकलंय. आधी उरलेलं सगळं भरलं, ॲपमध्ये बाकी शून्य दिसल्यावर ईमेल केला. अर्ज केल्यापासून कामाच्या सात दिवसांत बंद केलं नाही तर बँकेने रोजचे ५०० रुपये द्यायचे असा नियम आहे. आज तिसरा दिवस. घरात एकच कार्ड ठेवणार, बिनफीचं, ज्याचं कॅशबॅक आपोआप जमा होतं.

मिहानवाला

ताई, ते जुनं असतं तर बंद करू नका म्हटलं असतं. तसंही कार्ड बंद केलं की एकूण लिमिट, म्हणजे खर्चाची मर्यादा, कमी होते, तेवढाच खर्च लिमिटच्या मानाने जास्त दिसतो, आणि सिबिलचा स्कोअर थोडा खाली येऊ शकतो. घराचं कर्ज काढायचं आहे का एवढ्यात?

खामल्याहून

नाही भाऊ, एवढ्यात नाही. आणि काढायचं असतं तरी ते हिरवं अक्षर रोज बघायची माझी तयारी नाही. इतवारीच्या काकांना विचारायचं होतं, तेलाचा डबा खात्यातून दिला तर शनिवारी घरपोच मिळेल का?

इतवारीचं किराणा दुकान

खामल्यापर्यंत येते जी आपला पोऱ्या. पत्ता दुकानात येऊन सांगा, इथं नका लिहू.