नुसती मान कमावून भागत नाही
वर एका भावानं लिहिलंय, 'फायटर पायलटनी तालमीत मान कमावली की दुखापतीचा प्रश्न मिटला.' बेळगावात पैलवानांच्या माना बघतच मोठा झालोय, त्यामुळं ऐकायला बरं वाटलं. पण हे निम्मंच खरं आहे की ओ!

हिशेब करा. डोकं साधारण 5 किलो, हेल्मेट-मास्क 1.5 ते 2 किलो. 9 जीच्या वळणात, म्हणजे वजन नऊपट होतं अशा जोरदार वळणात, हे सगळं 60 किलोच्या आसपास भरतं, म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून जड. मान सरळ असेल तर कणा ते पेलतो. पण पायलट नेमका तेव्हाच मागचं विमान शोधायला मान वळवतो, आणि तिथंच स्नायू धरतो, कधी मणक्यातली चकतीही सरकते. म्हणून डोकं आधीच हवं तिकडं वळवून सीटला टेकवायचं, मग विमान वळवायची स्टिक (दांडा) ओढायची. मागच्या सीटवरच्याला तर वळण कधी येणार तेच कळत नसतं. त्याला आधी सांगायला हवं.

व्यायाम हवाच, पण चारी बाजूंनी, आणि उड्डाणाआधी मान मोकळी करून. (बेळगावजवळ सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे म्हणून मला तिथला समजू नका, मी साधा वाचक.) पैलवानांसारखं डोक्यावर भार घेऊन कमान टाकणं मात्र नवख्यानं आपल्या मनानं करू नये.