गुप्तरोगांचे दवाखाने वेगळे हवेत की सर्वसाधारण ओपीडीतच?

दांडियाबाजारकर
लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांचे नियंत्रण १९९२ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा भाग आहे. सरकारी रुग्णालयांत त्यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ चालवली जातात आणि रुग्णाच्या तक्रारीवरून ठरावीक रंगाच्या पाकिटातली औषधे दिली जातात: मूत्रमार्गातून स्राव असेल तर करडे पाकीट, जननेंद्रियावर व्रण असेल तर पांढरे. ही व्यवस्था मोडून हे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि प्रसूतिपूर्व तपासणीच्या ओपीडीत आणावेत, असे माझे ठाम मत आहे. परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया या दोन आजारांत बऱ्याच स्त्रियांना काहीही त्रास जाणवत नाही. ज्या व्यवस्थेची सुरुवातच तक्रारीपासून होते, तिच्यात अशा स्त्रीची नोंद कधी होणारच नाही, आणि पुढे वंध्यत्व आले म्हणजे दोष तिच्याच माथी येतो. उलट, अंगावरून पांढरे जाणे हे पुष्कळदा लैंगिक संबंधातून आलेले नसते, तरीही गुप्तरोगाच्या दवाखान्याचा केसपेपर हाती पडला की घरात संशयाला तोंड फुटते.

रावपुऱ्याचा वाचक
आपली तळमळ समजते, पण हे मत मला मान्य नाही. बडोद्यातल्या आपल्या मराठी वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात. सर्दीतापाच्या रांगेत उभे राहून ही तक्रार कोण सांगेल? इंग्लंडने १९१६ साली नियम करून जे दवाखाने काढले, ते मुद्दामच मोफत, गुप्तता पाळणारे आणि कुठल्याही गावच्या माणसाला खुले ठेवले होते, म्हणजे शेजाऱ्यांच्या नजरेआड उपचार घेता यावेत. पाकिटांबद्दलही मी असहमत आहे. पादरा किंवा सावलीहून मजुरी बुडवून आलेल्या माणसाला ‘रिपोर्ट आल्यावर या’ असे सांगितले तर तो बहुधा परत येत नाही, आणि मधल्या काळात रोग त्याच्या बायकोपर्यंत पोहोचतो. पहिल्याच भेटीत डॉक्टरांसमोर घेतलेली एक मात्रा त्याला आणि तिलाही वाचवते.

कारेलीबाग
पाकिटांचा धोका आपण कमी लेखता. परम्याच्या जंतूने पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन एकामागून एक निकामी केली आहेत. न तपासता औषध देत राहिलो तर उरलेलीही जातील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात स्रावाच्या रुग्णासाठी त्याच दिवशी निकाल देणारी चाचणी जिथे शक्य असेल तिथे ती करावी, नसेल तिथे लक्षणांवरून उपचार करावेत, असे आहे. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात या आजारांचे प्रादेशिक केंद्र असल्यामुळे शहरात तरी चाचणी टाळण्याचे कारण मला दिसत नाही. दवाखाना वेगळा असावा की नाही, याबाबत मात्र मी रावपुऱ्याच्या बाजूचा आहे.

दांडियाबाजारकर
वेगळ्या पाटीमुळेच माणूस बिचकतो आणि थेट औषधाच्या दुकानात किंवा ‘खात्रीशीर इलाज’वाल्याकडे जातो. गुप्तरोगांवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी रेल्वेमार्गालगतच्या भिंती पाहा. इंग्लंडचेच उदाहरण पुढे न्यायचे तर २०१३ पासून तिथे हे दवाखाने नगरपरिषदांकडे आणि एचआयव्हीचे उपचार राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेले; परिषदांचे अनुदान घटले, तशी दवाखान्यांनाच झळ बसली. वेगळा विभाग पैशाच्या ओढाताणीत आधी कापला जातो, ही माझी खरी भीती आहे. गरोदर स्त्रीची एचआयव्ही आणि उपदंशाची (सिफिलिसची) चाचणी बोटातल्या रक्ताच्या थेंबावर एकाच किटने होते आणि उपदंश निघाला तर बेंझाथिन पेनिसिलिनने बाळही वाचते. हे काम नेहमीच्या ओपीडीत होऊ शकते, तर बाकीचे का नाही?

रावपुऱ्याचा वाचक
गरोदर स्त्रीच्या चाचणीला माझा विरोध नाही. पण चाचणीत उपदंश निघाल्यावर नवऱ्याला बोलावून उपचाराला राजी करण्याचे काम अर्धा तास बंद खोलीत बसणाऱ्या समुपदेशकाचे असते. ज्या ओपीडीत डॉक्टरांना एका रुग्णासाठी दोन मिनिटे मिळतात, तिथे हा समुपदेशक आणि ही खोली आपण आधी मिळवून द्या; तोवर सुरक्षा क्लिनिक बंद करण्याला माझा विरोध राहील.